बाबा म्हणतात, गेलेल्या जमिनीमागे कशाला जातेस?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 27 वर्षांच्या, घणसोली गावठाणातल्या आगरी कुटुंबातल्या. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केल्यापासून ठाण्यात एका खासगी बँकेच्या कर्जजोखीम विभागात आहेत. कुठलं कर्ज थकेल याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स त्या करतात. पगार चांगला आहे, पण ओढ ग्रामीण वित्तपुरवठा आणि जमिनीच्या प्रश्नांकडे आहे. समोर तीन वाटा आहेत : नाबार्ड या राष्ट्रीय शेती-ग्रामविकास बँकेच्या ग्रेड ए (अधिकारीपदाच्या) परीक्षेची पुन्हा तयारी (एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचल्या होत्या), परदेशात पीएच.डी.साठी अर्ज, किंवा शहापूर तालुक्यात बचतगट आणि वनहक्क पट्टेधारकांसोबत (कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क कागदावर मिळालेल्यांसोबत) काम करणाऱ्या एका संस्थेतली नोकरी. संस्थेचा पगार आताच्या निम्म्याहून कमी, आणि उत्तर महिनाअखेरपर्यंत हवंय. त्यांच्या एका प्राध्यापकांनी बजावलंय, 'जमीन तरी धर नाहीतर कर्ज तरी धर, दोन्ही धरलंस तर कुठलीच राहणार नाहीस.' वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त, घरच्या दोन खोल्यांचं भाडं येतं, धाकटा भाऊ कॉलेजात. घरची भातशेती सिडकोच्या संपादनात गेली. वडील म्हणतात, 'गेलेल्या जमिनीमागे कशाला जातेस?' लेखिका विचारतात : पट्टे मिळाले की लोकांना बँकेचं कर्ज मिळेल, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं. पण एवढा त्याग करण्याची माझी तयारी आहे का? आणि शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, मग मी तिथे जाऊन करणार काय?

उत्तर :

बाबांचं वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्या वाक्यात आहेत असं मला वाटतं.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवं शहर उभं करायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. तुमच्या बाबांच्या पिढीने हे वर्तमानपत्रात वाचलेलं नाही, ते त्यांच्या घरात घडलेलं आहे. 'कशाला जातेस' असं ते म्हणतात त्यात तुमच्या पगाराची काळजी असेलच, पण जमिनीच्या कागदांशी झुंजण्यात माणसाचं आयुष्य कसं जातं हे पाहिलेल्या माणसाची धास्तीही असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांची फाईल मागा.

प्रत्येक प्रकल्पग्रस्ताच्या घरात ती फाईल असते. संपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, वाढीव मोबदल्याच्या दाव्याचे कागद, साडेबारा टक्क्यांच्या पात्रतेचं पत्र, वारस दाखला. एक रविवार त्यांच्याशेजारी बसून वाचा आणि विचारत जा. भूखंड कोणाच्या नावावर निघाला? आत्यांनी हक्कसोडपत्रं दिली होती का, आणि दिली असतील तर कशाच्या बदल्यात? मोबदल्याची रक्कम हातात आली तेव्हा तिचं काय झालं, बँकेत गेली, सोन्यात गेली, की लग्नात? भूखंड विकासकाकडे गेला असेल तर वाटणी कितीवर ठरली? आणि ज्या दोन खोल्यांचं भाडं येतं, त्यांच्यावर उद्या कर्ज काढायचं म्हटलं तर बँक काय म्हणेल? गावठाणालगत गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचं कागदोपत्री काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

एकरकमी पैसा हातात आल्यावर कुटुंब काय करतं, वारसाहक्कात बायकांचा हिस्सा कुठे गळतो, मालकी धूसर असेल तर कर्ज का अडतं, हे विकास अर्थशास्त्राचे अगदी मध्यवर्ती प्रश्न आहेत. तेव्हा 'मला ओ की ठो कळत नाही' हे मी मान्य करत नाही. तुम्हाला भाताची रोपणी येत नसेल, ती शहापुरातल्या बायका एका पावसाळ्यात शिकवतील. जमीन हातातून गेल्यावर घराचं अर्थकारण कसं बदलतं हे मात्र तुमच्याइतकं आतून माहीत असलेली माणसं या क्षेत्रात फार थोडी आहेत.

आता त्यागाबद्दल. कमी पगार घेणं ही हिशेबाची गोष्ट आहे, तिच्याकडे मी पुढे येते. पण 'मी त्याग करून आलेय' ही भावना घेऊन पाड्यावर जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची मला भीती वाटते. अशा माणसाला समोरच्याकडून नकळत कृतज्ञता हवी असते. ती मिळाली नाही की वर्षभरात मन आंबतं आणि दोष गावाला दिला जातो. तुम्ही तिथे शिकायला चालला आहात. पगार कमी मिळेल, पण तुम्हाला जे बघायला मिळेल ते ठाण्याच्या कार्यालयात बसून कोणी कितीही पैसे दिले तरी दिसणार नाही. असा विचार करून जमत असेल तरच जा.

तुमच्या प्राध्यापकांचा सल्ला पीएच.डी.च्या प्रबंधापुरता बरोबर आहे. प्रबंधाला एकच प्रश्न लागतो. पण आयुष्यभराच्या कामासाठी जमीन आणि कर्ज यांची फाळणी करू नका. महाराष्ट्रात हे दोन विषय कधी वेगळे नव्हतेच. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कारण त्या खतांच्या आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांच्या जोरावर जमिनी सावकारांच्या घशात चालल्या होत्या. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आपल्या शेजारी, अलिबाग तालुक्यातल्या चरीला 1933 पासून काही वर्षं आगरी कुळांनी खोतांची जमीन कसायचंच बंद केलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो संप खंडाचा (कुळाने खोताला द्यायच्या भाड्याचा) होता, म्हणजे जमिनीचा होता आणि त्याच वेळी खोताकडच्या देण्याचाही होता. हॅरोल्ड मान या शेतीतज्ज्ञाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात जमिनीचे तुकडे आणि घरांवरची कर्जं एकाच पाहणीत मोजली होती. आज त्या गावात टोलेजंग इमारती आहेत. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ तर ग्रामीण कर्जपाहणीच्या समितीवरही होते आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या उभारणीतही. या परंपरेत दोन्ही धरणारी माणसं कुठलीच राहिली नाहीत असं झालेलं नाही.

पत्रातलं एक वाक्य मात्र मी तुम्हाला परत तपासायला सांगणार आहे : पट्टे मिळाले की बँकेचं कर्ज मिळेल. ऐकायला हे सरळ वाटतं, पण तसं घडत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण ती विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नवरा-बायको दोघांची नावं पट्ट्यावर लागतात, ही त्यातली फार चांगली गोष्ट. पण जी जमीन विकता येत नाही, ती तारण म्हणून बँकेच्या कामाची नाही. शाखाधिकारी पट्टा बघतो, मान हलवतो आणि सातबारा आणा म्हणतो. आदिवासींच्या सातबाऱ्याच्या जमिनीवरही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36अ कलमांची बंधनं आहेत; बिगर-आदिवासीला ती परवानगीशिवाय विकता येत नाही.

मग ही बंधनं काढून टाकावीत का? पुष्कळ अर्थतज्ज्ञ तसं म्हणतात : मालकी मोकळी करा, बाजार कर्ज देईल. मला ते पटत नाही. सुप्याला जे पेटलं ते जमीन तारण म्हणून मोकळी होती म्हणूनच पेटलं. जी जमीन गहाण पडू शकते ती जाऊही शकते, आणि मुंबईपासून दीड-दोन तासांच्या अंतरावरच्या शहापूर-मुरबाडमध्ये ती घ्यायला टपलेले लोक कमी नाहीत. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे : जमीन गहाण न ठेवता कर्ज कसं पोचेल? 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 2 लाखांपर्यंत वाढवलेली आहे. एकर-दोन एकर भात आणि नागली करणाऱ्या कुटुंबाच्या पीककर्जाला ती पुरून उरते. म्हणजे तारणाची अडचण कागदावर तरी सुटलेली आहे. तरीही कर्ज का पोचत नाही, शाखेत नेमकं काय अडतं, कोण अडवतं, हे शोधणं हे तुमचं काम होऊ शकतं. तुम्ही बँकेची भाषा जाणता, त्यामुळे ते इतरांपेक्षा चांगलं होईल.

बँकेच्या भाषेवरून एक गोष्ट सांगते. मी शेतीकर्जाच्या कामात असताना मार्चअखेरीस गावाला पीककर्ज देणाऱ्या एका सहकारी सोसायटीच्या कार्यालयात बसले होते. एक शेतकरी कापडी पिशवीतून नोटा घेऊन आला. सोसायटीचे हिशेब बघणाऱ्या गटसचिवांनी मोजल्या, पावती फाडली, खातं निरंक झालं. मी कौतुकाने म्हटलं, वेळेवर फेडलंत. तो नुसताच हसला. तो गेल्यावर गटसचिव म्हणाले, 'नवं-जुनं केलं, मॅडम.' पैसे गावातल्या दुकानदाराकडून आठवड्याभरासाठी आणले होते. नवं कर्ज मंजूर झालं की त्यातूनच ते दुकानदाराला परत जाणार, वर त्याचा मोबदला. हे करण्यामागे कारण आहे : केंद्र आणि राज्य यांची व्याजसवलत मिळून 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला बिनव्याजी पडतं. तारीख चुकली तर सवलत गेली, आणि पुढचं कर्जही अडतं.

तुमच्यासारख्यांच्या मॉडेलमध्ये हे खातं कसं दिसेल? नियमित, जोखीम कमी. दुकानदार त्या तक्त्यात कुठेच नाही. गाडगीळ ज्या समितीवर होते त्या 1951-52 च्या पाहणीत ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के होता. 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या फेडायच्या बाकी कर्जापैकी जवळपास 70 टक्के संस्थात्मक दिसलं. ही फार मोठी मजल आहे, आणि ती खरी आहे. पण मार्चच्या त्या आठवड्यात दुकानदाराकडून उचललेला पैसा अशा आकड्यांत फारसा सापडत नाही. त्याच पाहणीत शेतकरी कुटुंबावरचं सरासरी कर्ज 74,121 रुपये निघालं. या आकड्याच्या आत काय आहे हे ज्याला दिसलंय, तो अर्थतज्ज्ञ वेगळे प्रश्न विचारतो.

आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचं कर्ज तर पाहणीत कर्ज म्हणूनही नोंदवलं जाईलच असं नाही. तुमच्याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं पावसाळा संपता संपता वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि पुढचे काही महिने भट्टीवर राबून ती फेडतात. घरातल्या मुलांची शाळाही त्या उचलीबरोबर सुटते. अनेक कातकरी वाड्यांखालची जागा दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते. तिथे घराच्या जागेचा कागद आणि भाताच्या महिन्यांत हाताशी थोडे पैसे, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. यातलं कुठलं एक 'धरणार'?

आता तीन वाटा. परदेशातली पीएच.डी. सध्या बाजूला ठेवा. ती वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. आज अर्ज केलात तर तिथल्या कोणाचा तरी प्रश्न घेऊन बसाल. स्वतःचा प्रश्न सापडला की त्या अर्जालाही वजन येईल.

नाबार्डला मी कमी लेखणार नाही. 1982 मध्ये स्थापन झालेली ही संस्था सोसायट्या, जिल्हा बँका, ग्रामीण बँका या सगळ्यांच्या पाठीशी आहे. 1992 साली बचतगटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग तिनेच सुरू केला. तिथे जाऊन धोरणाला जसा हात घालता येतो, तसा शहापुरातून येत नाही. वयाची अट खुल्या गटाला 30 आहे, तुमच्या प्रवर्गाला त्यात सवलत मिळते. म्हणजे दार बंद होत नाहीये. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुलीला पुन्हा तयारीसाठी घरी बसायची गरज मला वाटत नाही. त्या परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामविकास हेच तर विषय असतात. सोसायटी, पीककर्ज, पट्टे रोज हाताळताना त्याचा अभ्यास कोरडा राहत नाही. मुलाखतीतही हे उमटतं.

तुम्ही न लिहिलेली चौथी वाट तुमच्याच बँकेत आहे. तुमच्यासारख्या व्यापारी बँकेला एकूण कर्जाच्या 40 टक्के शेती, लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला द्यावे लागतात, आणि त्यात एकूण कर्जाच्या 18 टक्के शेतीला. तुमची बँक हा वाटा कसा पुरा करते ते विचारा : स्वतः शेतकऱ्याला देऊन, मायक्रोफायनान्स कंपन्यांमार्फत, की दुसऱ्या बँकेने दिलेल्या अशा कर्जांची प्रमाणपत्रं विकत घेऊन? शेतीकर्जाच्या विभागात बदली मागता येत असेल, तर ज्या वाचकांच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता आहे त्यांनी आधी हीच वाट धरावी असं मी म्हणेन.

तुमच्या बाबतीत माझा कल शहापूरकडे आहे, पण डोळे मिटून नाही. घरखर्चातला तुमचा वाटा, भावाची फी, आईबाबांचा आरोग्यविमा आणि तुमचा प्रवास किंवा तिथली राहण्याची सोय, हे एका कागदावर मांडा. भाड्याचं उत्पन्न त्यात पूर्ण धरू नका. खोली रिकामी राहते, दुरुस्ती निघते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला नसेल तर संस्थेकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागा. निम्म्या पगारात दोन वर्षं नीट काढता येतात की नाही हे कागद सांगेल, मन सांगणार नाही.

संस्थेलाही प्रश्न विचारा, संकोच करू नका. माझं रोजचं काम काय, ते लिहून द्याल का? पाड्यावर किती दिवस आणि अहवाल लिहिण्यात किती? हे शेवटचं नीट विचारा, कारण इंग्रजी चांगलं असलेल्या मुलीला देणगीदारांचे अहवाल लिहायला बसवणं ही अनेक संस्थांची सवय आहे. गोळा केलेली माहिती मला अभ्यासासाठी वापरता येईल का? माझ्या कामावर कोणाची नजर असेल, आणि त्या माणसाला तलाठी कार्यालय आणि बँकेची शाखा दोन्ही माहीत आहेत का? परीक्षेसाठी रजा मिळेल का? पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला होतो का, की अनुदान आल्यावर? तिथे आधी काम केलेल्या, शक्यतो एखाद्या बाईशी बोला. संध्याकाळी पाड्यावरून परतायची सोय, राहण्याची जागा, या गोष्टी तिच्याकडूनच कळतील.

अशाच पेचात असलेल्या इतरांनी नोकरी सोडण्याआधी एवढं तरी करावं. आपल्या किंवा नातेवाइकांच्या गावातला एखादा सातबारा काढा. डिजिटल स्वाक्षरीचा 15 रुपयांत मिळतो. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 (विकायला मोकळी की सरकारच्या परवानगीने बांधलेली), इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे, कूळ आहे का, सामाईक क्षेत्रात किती नावं आहेत, त्यात बायका किती, गाव नमुना बारामध्ये पीक कोणतं लागलंय, हे बघा. मग त्या शेतात जाऊन प्रत्यक्ष कोण कसतंय ते विचारा. कागद आणि शेत जिथे जुळत नाहीत, तिथे तुमच्या विषयाची सुरुवात आहे. नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा कर्जक्षमता आराखडा काढते, आपल्या जिल्ह्याचा मिळवून वाचा. क्यूजीआयएससारखं फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर शिका. संख्याशास्त्र येणारे पुष्कळ असतात, जमिनीच्या गटाचा नकाशा, फेरफाराची नोंद आणि कर्जखातं एकत्र वाचता येणारे थोडे. रोमच्या इफाड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषीविकास निधीपासून राज्यातल्या माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्यापर्यंत, या कामात अशा माणसांची गरज पडते.

तुम्ही मात्र महिनाअखेरीपर्यंत थांबू नका. या आठवड्यातच दोन दिवसांची रजा टाकून शहापूरला जाऊन या, वरचे प्रश्न समोरासमोर विचारा, आणि उत्तरं पटली तर खरिपाच्या कर्जवाटपाआधी रुजू होता येईल का ते बघा. एप्रिल ते जून सोसायटीत आणि शाखेत जे दिसतं, ते वर्षाच्या बाकी महिन्यांत दिसत नाही. बाबांना जमलं तर बरोबर घेऊन जा. निवाडा आणि फेरफार वाचलेला माणूस तिथल्या पट्टेधारकांना चार गोष्टी विचारेल, आणि त्या तुम्हालाही ऐकायच्या आहेत.